हिरवागार नकाशा

२ फेब्रुवारी
साहेबांनी बोलावलं. यंदा पैसे एकाच नव्या कॉम्प्युटर सिस्टीमपुरते आहेत. ती कोणत्या विभागाला द्यायची ते मी ठरवायचं. म्हणजे मी सुचवायचं, ठरवणार साहेब. पण एकच ते. आमची कंपनी गाद्यांची, आणि चीफ आर्किटेक्टची, म्हणजे सगळ्या सिस्टीमचा आराखडा आखणाऱ्या साहेबाची, गादी वर्षभर रिकामी. बायकोला म्हटलं, आता ती माझीच समज. ती म्हणाली, आधी पलंगावरचा ओला टॉवेल उचला.

४ फेब्रुवारी
संकल्प: एकाही सॉफ्टवेअर विकणाऱ्याला भेटायचं नाही. लोक आधी सॉफ्टवेअर घेतात आणि मग त्याला काम शोधत बसतात. नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. मी शास्त्रशुद्ध माणूस. आधी कॅपॅबिलिटी मॅप. कंपनीला काय काय करता यायला हवं? ऑर्डर घेणं, माल पाठवणं, बिल करणं, तक्रार निस्तरणं. प्रत्येकाची एक चौकट. जिथली सिस्टीम मोडकळीला आली ती लाल, जिथली बरी ती हिरवी. सगळ्यांत लाल चौकटीला पैसे. इतकं सोपं, की माझं मलाच कौतुक वाटलं.

दुपारी सगळ्यांना मेल. 'कॅपॅबिलिटी' डोक्यावरून जाईल म्हणून साध्या मराठीत लिहिलं: 'उद्यापासून प्रत्येक विभागाची क्षमता तपासली जाईल. कमकुवत विभाग लाल रंगात दाखवले जातील.' भाषेवर माझी पकड आहेच.

५ फेब्रुवारी
अभूतपूर्व प्रतिसाद! सगळे वेळेवर हजर. हिशेब विभागाचे प्रमुख कडक इस्त्रीचा शर्ट घालून, डिग्रीची प्रमाणपत्रं घेऊन आले. ती कशाला, असं विचारलं नाही. उत्साहावर विरजण नको. त्यांची सिस्टीम कशी चालते विचारलं. उत्तम, म्हणाले. त्यांच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरतच होतं. ते म्हणाले, ती विचार करतेय.

लाल.

९ फेब्रुवारी
गोडाऊन. तिथल्या बाई फटकळ, पण कामाच्या. ऑर्डरची सिस्टीम आणि बिलाची सिस्टीम एकमेकींशी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक ऑर्डर दोनदा टाइप होते. दुसऱ्या वेळी सिंगलचं डबल झालं आणि एका वसतिगृहाला सगळ्या डबल गाद्या गेल्या. रेक्टर अजून फोन करतायत. बाई म्हणाल्या, मला लालच द्या, चांगला भडक. नवी सिस्टीम आली नाही तर टाइप करणारी दोन्ही माणसं सोडून जातील, मग एकटी काय करू?

शब्द दिला. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

११ फेब्रुवारी
संकल्प: रंगाबाबत तडजोड नाही.

हिशेबवाले आले. डोळ्यांत पाणी. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, आता लाल शेरा नको म्हणाले. त्यांना समजावलं की रंग माणसाचा नाही, सिस्टीमचा. ते म्हणाले, कळलं, पण लाल नको. पिवळं केलं. उठेनात. हिरवं केलं. ही तडजोड नव्हे. याला स्टेकहोल्डर मॅनेजमेंट म्हणतात.

१३ फेब्रुवारी
कुठूनतरी बातमी फुटली. विक्री, खरेदी, तक्रार निवारण, सगळे रांगेत. तक्रारवाल्यांनी केक आणला. केक खाऊन लाल ठेवणं माणुसकीला धरून नाही. गोडाऊन मात्र लाल. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१६ फेब्रुवारी, सकाळ
उद्या साहेब आणि सगळ्या विभागप्रमुखांपुढे सादर करायचं. सगळीकडे हिरवं, मध्ये एकच लाल चौकट. किती स्वच्छ! निर्णय आपोआप होणार.

दुपार
ऑर्डरची ती जुनी सिस्टीम साहेबांच्या मेहुण्यांनी निवडली होती असं कळलं. मेहुणा हा तांत्रिक निकष नाही. पण अगदीच डोळेझाक करण्याजोगाही नाही. लालमध्ये जरा हिरवं मिसळून पाहिलं. शेणाचा रंग आला. प्रेझेंटेशनला ते बरं दिसत नाही, म्हणून पूर्ण हिरवं केलं. बाईंना नंतर समजावून सांगेन. समजूतदार आहेत.

१७ फेब्रुवारी
साहेब प्रचंड खूश. म्हणाले, सगळंच हिरवं, मग नवी सिस्टीम हवी कशाला? पैसे वाचले! मी गोडाऊनचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांच्या मध्ये बोलणं शिष्टाचाराला धरून नाही. बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

सगळं इतकं सुरळीत असताना चीफ आर्किटेक्टची गरज नाही, म्हणून ते पदच रद्द. म्हणजे आता ते दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही. एका अर्थी विजयच. शिवाय सगळ्या विभागांत फिरलेला माणूस मी एकटा, म्हणून सिस्टीमच्या तक्रारींचा फोन यापुढे माझ्या टेबलावर. बायकोला सांगितलं. तिनं पलंगावरचा ओला टॉवेल आज स्वतःच उचलला. ते मला आवडलं नाही.

९ मार्च
सकाळी हिशेबवाल्यांचा फोन. सिस्टीम बंद पडलीय, पण कुठे लिहू नका म्हणाले.

मग गोडाऊनच्या बाई. दोन्ही माणसं गेली. ऑर्डरी साचल्यात, ट्रक दारात उभा, टाइप करायला कुणी नाही. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, की नकाशात तर गोडाऊन हिरवं आहे. ओरडतील वाटलं. ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, मग नकाशातूनच माल पाठवा. आणि फोन ठेवला.

लाज वाटली. खूप. तिला नाव देता येईल असा इंग्रजी शब्द शोधला, सापडला नाही.

खाली गोडाऊनमध्ये गेलो. बाईंनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. बसलो. एक ऑर्डर टाइप केली. मग तीच पुन्हा टाइप केली.