वारूची मागची सीट

।। श्री ।।
महाड,
ता. ८ ऑक्टोबर १९९९

चि. जितेशास शकूआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या गाडीचं रंगीत चित्र मिळून महिना झाला. पहिल्यांदा मी ते उलटं धरलं होतं, तेव्हा बरं दिसलं. मग सुलट केलं. अरे, ही गाडी आहे की घोरपड? जमिनीला इतकी चिकटलेली, की आमच्या गल्लीत आणायची तर आधी गल्ली रंधा मारून घ्यावी लागेल. आणि नाव काय, तर म्हणे 'वारू'! तुला, त्या गौतमीला आणि सुधीरला डिझाइनच्या कॉलेजात कोणी घोडा दाखवला नव्हता काय?

किट म्हणजे काय तेही वाचलं. गिऱ्हाइकानं पैसे द्यायचे, तुम्ही खोकी पाठवायची, आणि गाडी त्यानंच घरी जोडायची. उद्या खाणावळवाला डाळ, तांदूळ आणि सरपण पुढ्यात ठेवील आणि म्हणेल, जेवा. गावी कापड्याला गेले होते तेव्हा दादाला हे सांगितलं. तुझा बाप तो, भाताचे भारे टाकून उभा राहिला आणि म्हणाला, पोराला येवढा शिकवला नि त्यो सुटं भाग इकतो, मग भंगारवाल्यानं काय वाईट केला हाय?

गाडीला सीटा दोनच का, हे विचारलं तर तुला राग येईल. दुसरी कोणाची, हे तर मी विचारतच नाही. गौतमीला आशीर्वाद सांग.

आता खरी बातमी. शेजारच्या हलीमाबींची सून साजिदा ते चित्र माझ्याकडून घेऊन गेली होती. तिनं ते नवऱ्याला, रमजानला, कुवेतला पाठवलं, आणि त्यानं गाडी घ्यायची म्हणून कळवलंय! तिकडच्या उन्हानं माणसांचं असं होतं. पत्ता सोबत देते.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, अक्कल तेवढी वाढावी.
तुझी,
शकूआत्या


पुणे,
ता. २० ऑक्टोबर १९९९

ती. शकूआत्यास जितेशचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र गौतमीनं ऑफिसात मोठ्यानं वाचलं. ऑफिस म्हणजे सुधीरच्या मामाच्या गोडाऊनचा एक कोपरा. सुधीर हसला, गौतमी जरा जास्तच हसली. मी हसलो नाही. आत्या, स्पोर्ट्‌स कार ही नुसती बसायची वस्तू नसते, ती वृत्ती असते! आणि स्वतःच्या हातानं गाडी जोडली की माणसाचं तिच्याशी नातं जुळतं. परदेशात लोक सुट्टीच्या दिवशी हौसेनं गाड्या जोडतात. आपल्याकडे मटणाच्या रांगेत उभे राहतात.

चेष्टा पुरे. रमजानभाई आमचं पहिलं आणि सध्या तरी एकमेव गिऱ्हाईक आहे. आमच्यात पैसा घालणार आहेत ते मालोजीराव. साखरेतले आहेत, बोलतातही साखर घालूनच. त्यांची अट एकच: साध्या घरात, मेकॅनिक न बोलावता गाडी जोडली गेली पाहिजे, आणि ती चालताना त्यांना डोळ्यांनी दिसली पाहिजे. तसं झालं तर कारखाना निघेल. नाहीतर तीन वर्षं खपून केलेले साचे सुधीरचा मामा भंगारात घालील आणि मी कापड्याला बाबांच्या मागं चिखलात उभा राहीन. मी लावलेलं भात कसं आडवं होतं ते गावानं पाहिलेलं आहे.

म्हणून हात जोडून सांगतो, खोकी आली की लक्ष ठेव. हसत हसत ठेवलंस तरी चालेल.

तुझ्या जिभेसकट तुझा लोभ असावा.
तुझा,
जितेश


।। श्री ।।
महाड,
ता. २८ नोव्हेंबर १९९९

चि. जितेशास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा वारू खोक्यांत बसून आला. गल्लीला वाटलं रमजाननं फ्रीज पाठवले, म्हणून उतरवायला माणसं धावली. आतून चाकं निघाल्यावर सगळ्यांना एकदम कामं आठवली. रमजानचा धाकटा भाऊ ताबिश, त्यानं तुमचं इंग्रजी पुस्तक चाळलं, अगदी सोपं आहे म्हणाला, आणि क्रिकेट बघायला गेला तो गेलाच.

गाडी जोडतेय साजिदा. शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेली पोर. शिवणाचे क्लास घेते, मशीन बिघडलं तर स्वतः खोलून बसते. परसात ताडपत्री अंथरलीय, ओढणी कमरेला खोचलीय, मांडीवर माझी डिक्शनरी. मी नटबोल्टांचे पाने हातात देते आणि नको ते सल्ले देते. तुमच्या पुस्तकात डावं दार उजवीकडे काढलंय, तेवढं सुधारा. नाहीतर पुढचं गिऱ्हाईक मागच्या अंगानं गाडीत शिरेल.

पण अडलंय दुसरीकडे. परवा हलीमाबी बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, रमजान चालवील, त्याच्या बाजूला मी बसेन, मग बाकीचं घर कुठं बसायचं? साजिदा खाली मान घालून नट आवळत राहिली. पण गल्ली बोलली! गल्ली चार दिवस दुसरं काही बोललीच नाही. अरे, आपल्याकडे रिक्षात सातजण बसतात आणि आठव्याला हाक मारतात. दोघांची गाडी काढायची म्हणजे दोघांपुरता भात रांधण्यासारखं झालं. शेजारी काय म्हणतील?

तुझी वृत्ती जरा पुढं सरकव आणि मागं एक सीट टाक. इतकं शिकलास, तेवढं जमेल.

रागावलास तरी पत्र घालावं, लोभ कमी करू नये.
तुझी,
शकूआत्या


पुणे,
ता. १२ डिसेंबर १९९९

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. वि. वि.

मागची सीट आज टेम्पोनं निघाली. सहा बोल्ट आहेत, साजिदाभाभींना अवघड नाही. सीटसाठी गाडीची पाठ उंच करावी लागली, तो भागही सोबत आहे. गौतमी माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं, हरणाच्या पाठीवर मी हौदा ठेवला.

पण मालोजीराव खूश आहेत! सहकुटुंब स्पोर्ट्‌स कार, अशी जाहिरात त्यांनी स्वतःच लिहून काढली. आता तर म्हणतात, मागची सीट असेल तरच पैसा, दोन सीटांच्या खेळण्यात मी पडणार नाही. २३ जानेवारीला, रविवारी, फोटोग्राफर घेऊन ते महाडला येणार आहेत. गाडीत अख्खं घर बसलेलं दिसलं की त्याच बैठकीत सही करतील.

आत्या, आजवर तुझ्या बोलण्याचा मला कंटाळा होता. या वेळी त्यानंच आम्हाला तारलं.

असाच टोचरा लोभ असू दे.
तुझा,
जितेश


।। श्री ।।
महाड,
ता. १६ जानेवारी २०००

चि. जितेशास आशीर्वाद. वि. वि.

आजवर कधी माझं ऐकलं नाहीस. एवढं एकच ऐकायचं तुला कोणी सांगितलं होतं?

साजिदानं रोजे धरून ती सीट बसवली. रमजान आला, ईदेला गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. हलीमाबी पुढं बसल्या. मागं नणंद आणि तिची पोरं. ईद मुबारक करायला आज दासगाव, उद्या म्हसळा, परवा श्रीवर्धन. गाडी साजिदानं जोडली आणि ती दारात उभी राहून हात हलवायची, मग आत जाऊन आल्यागेल्यांच्या भाकऱ्या थापायची. एकही दिवस तिला त्या गाडीत बसायला मिळालं नाही.

मी म्हटलं, अगो, तूही जा की मागं बसून. तेव्हा ती रडली. लग्न झाल्यापासून रमजान वर्षाकाठी एक महिना येतो, आणि तो महिना सगळं घर वाटून घेतं. दोघं मिळून कधी बाजारापर्यंतही गेलेली नाहीत. तुझं ते चित्र तिनं कुवेतला धाडलं ते दोन सीटा बघूनच. ज्यात तिसरं माणूस मावत नाही अशी एक वस्तू तिला घरात हवी होती. आधी का नाही बोललीस म्हणून मी तिच्यावरच डाफरले. ती म्हणाली, बाई, सासूला जागा नको हे कुठल्या तोंडानं सांगू? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात तुझाही राग आला, कारण एकटीनं लाज वाटून घ्यायची मला सवय नाही.

गुरुवारी हलीमाबी लग्नाला गेल्या. साजिदानं पाना घेतला, मागची सीट सोडवली आणि कुंपणावरून माझ्याकडे दिली. हे पत्र मी त्या सीटवरच बसून लिहितेय. बसायला छान आहे, मेली! रमजान आईपुढं मान वर न करणारा माणूस, पण त्या दिवशी गाडीत बसला. दोघं आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला गेली. कापड्याला दादानं त्यांना पाहिलं. सांगत होता, वाऱ्यावर सोडल्यावानी चालली हुती, पोरगी मोठ्यानं हसत हुती, खड्डा आला तरी हसतच हुती. आणि मग तुझा बाप म्हणाला, गाडी वंगाळ नाय केली पोरानं. शब्द त्याचे आहेत, मी घातलेले नाहीत.

आता निस्तरायचं ते ऐक. हलीमाबींना साजिदानं सांगितलंय, की मागची सीट धोक्याची निघाली म्हणून कंपनीनं परत नेली. त्यांचा विश्वास नाही. कंपनीनं लिहून द्यावं म्हणतात, आणि रविवारी तुमचा शेठ आला की त्यालाही विचारणार आहेत. म्हणजे तुला हो म्हणायचं तर शेठलाही तेच सांगावं लागेल, आणि मग तुझा पैसा गेला. नाही म्हणालास तर साजिदा खोटी पडेल, आणि त्या घरात तिचं काय होईल ते मी लिहीत नाही. रमजानची रजा अजून दोन आठवडे आहे.

या वेळी मी सल्ला देणार नाही. माझे सल्ले कसे असतात ते आपल्या दोघांनाही कळलंय.

जे करशील ते कर, लोभात फरक पडायचा नाही.
तुझी,
शकूआत्या


वारू मोटर्स
पुणे, ता. १९ जानेवारी २०००

आदरणीय हलीमाबी यांस,
सलाम विशेष.

आपल्या गाडीची मागची सीट आमच्या कंपनीने परत मागवली, हे खरे आहे. ती बसवणे ही सर्वस्वी माझी चूक होती. साजिदाभाभींचा यात काही दोष नाही. त्यांनी गाडी आमच्यापेक्षा नीट जोडली आहे.

ही गाडी मुळात दोनच माणसांसाठी काढलेली आहे. मागे कोणी बसल्यास घाटात धोका संभवतो, आणि आपण व आपली नातवंडे आम्हाला गाडीपेक्षा मोलाची आहेत. यापुढे ही सीट कोणत्याही वारूला बसवली जाणार नाही.

आणखी एक नियम कळवणे राहून गेले. नवी गाडी पहिले दोन आठवडे रोज थोडी चालवावी लागते, आणि ज्या व्यक्तीने ती जोडली तिनेच चालकाच्या बाजूला बसावे लागते. कुठला नट कुठे वाजतो हे दुसऱ्याला ओळखता येत नाही. या नियमाला अपवाद नाही. घरातील वडीलधाऱ्या म्हणून तो पाळला जाईल हे आपण पाहावे.

राग आल्यास तो माझ्यावर असावा, साजिदाभाभींवर नसावा, ही विनंती.

आपला नम्र,
जितेश

प्रत माहितीसाठी: श्री. मालोजीराव, पुणे. वरील मजकूर आपल्यालाही लागू आहे. रविवारी महाडला येण्याची तसदी घेऊ नये.