ताटाकडे पाठ

माय,

तुझी पणती सात वर्षांची झाली आहे आणि ती जेवत नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिले. याहून कमी बोचरे वाक्य मला सापडले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये तांबड्या शाईने सुधारणाऱ्या माणसाला ते सापडू नये, यात काही न्याय असेल. ती ताटावर बसते, पहिला घास घेते, तो गालात धरून ठेवते आणि माझ्याकडे पाहते. चावत नाही, थुंकतही नाही. भात थंड होतो, वरणावर साय धरते, आणि तिचा गाल फुगलेला तसाच राहतो. समोर तिची आई बसलेली असते, बाजूला मी. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पोट, रक्त, घसा असे सगळे तपासले आणि पोरीला कसलाही आजार नाही असे सांगितले. ते ऐकून सुनेला रडू कोसळले. आजार असता तर औषध तरी असते.

हल्ली मला दिघोरीची आपली चूल आठवते. तू धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी येतेस, पाय धुतेस, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि तरोट्याची भाजी करतेस, माझ्या थाळीत मूठभर भात वाढतेस आणि माझ्याकडे पाठ करून चुलीशी बसतेस. मी चिडून विचारतो, एवढाच? ‘खाऊन तं पाय. लागन तं माग,’ तू चुलीलाच सांगितल्यासारखे म्हणतेस. मी जेवत असताना तू एकदाही वळली नाहीस. शेजारची काकू दारात उभी राहून बोलता बोलता माझ्या तोंडाकडे पाहू लागली की तू तिला हसत हसत हाकलायचीस, ‘काहून पाहून राहिली वो बाई माह्या पोराच्या थाळीत? तुह्या घरी भात नाही शिजला काय?’ खाणाऱ्याच्या ताटाकडे पाहिले की नजर लागते, घास घशाखाली उतरत नाही, एवढेच तुझे शास्त्र. तरी तुला सगळे कळायचे. एकदा मी भाजी भाताखाली दडवली. तू पाठमोरीच होतीस. ‘भाजीचे दोनच घास झाले न रे?’ तू म्हणालीस. भाताला आणि भाजीला थाळीवर बोटांचा आवाज वेगवेगळा येतो, असे तू नंतर मला सांगितलेस. माझा त्यावर विश्वास बसला नाही. भाजी मात्र मी खाल्ली, आणि वर आणखी भात मागितला.

पुढे मी शिकलो, मास्तर झालो, आंधळगावात घर केले आणि तुला इकडे आणले. इथला एक दिवस तू विसरली असशील असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याच्यासमोर मी मांडी घालून बसलो आहे, आणि शाळेतले दोन सहकारी आपल्याकडे जेवायला आले आहेत. तू आतून म्हणतेस, ‘बापू, लेकराच्या थाळीकडं नको पाहू रे. त्याले जेवू दे.’ मी सर्वांदेखत उत्तर दिले, ‘असल्या अडाणी समजुती माझ्या घरात चालणार नाहीत. आणि त्याले नव्हे, त्याला म्हण.’ सहकारी हसले. तूही हसलीस, पाहुण्यांसमोर दुसरे काय करणार होतीस? त्या दिवसापासून मूल ताटावर बसले की तू अंगणात जाऊन बसू लागलीस. तू रुसलीस, असे मी समजलो. पाठ करून बसायला तुला माझ्या घरात दुसरी जागा उरली नव्हती, हे मला आता समजते. पुढल्याच वर्षी तू गेलीस.

पुढे काही वर्षांनी मुलांच्या सकस आहाराविषयी पालकांशी बोलायला मला गावोगाव बोलावू लागले. पालेभाज्या, डाळी, अंडी, ऋतूतली फळे यांविषयी मी जे सांगितले त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पण शेवटी मी एक नियम सांगत असे, आणि टाळ्या त्यालाच पडत: मुलासमोर बसा, प्रत्येक घासावर नजर ठेवा, ताट रिकामे झाल्याशिवाय कोणीही उठू नका. हा नियम मी शुद्ध भाषेत छापून घेतला आणि घरोघरी वाटला. अड्याळच्या सभेत मागे बसलेली एक म्हातारी उठली. ‘गुरुजी, तुमच्या ताटाकडं कोणी टक लावून बसलं तं तुमच्यानं जेवणं व्हईल काय?’ मी म्हणालो, ‘आजीबाई, ताटात अन्न टाकण्याची सवय मला कोणी लागूच दिली नाही.’ सभेत हशा पिकला. ती सवय मला कोणी आणि कशी लागू दिली नाही, हा प्रश्न त्या हशात मलाही पडला नाही. त्याच सभेत आपल्या आईला बिलगून एक शाळकरी मुलगी बसली होती. ती आज माझी सून आहे. माहेरच्या भिंतीवर माझा कागद वाचतच ती वाढली आणि लग्नानंतर तोच कागद तिने इथल्या स्वयंपाकघरात चिकटवला. मला त्याचा अभिमान वाटला होता.

गेल्या महिन्यात शाळेत खिचडी शिजवणारी बाई मला बाजारात भेटली. ‘गुरुजी, तुमची नात तं लय गोड जेवते जी. रोज दुसऱ्यांदा मागते.’ आपण दुसऱ्या कोणत्या तरी मुलीविषयी बोलत असाल, असे मी तिला म्हणालो. ‘आता बाप्पा! तुमची नात मले वळखू येत नाही काय?’ मग तुम्ही तिला कशा जेवू घालता, असे मी विचारले. मी काही खुळचट विचारले असावे तशी ती माझ्याकडे पाहू लागली. ‘मी कायले जेवू घालू? वाढतो न पुढं जातो. शंभर लेकरं हायेत. कोणाकोणाच्या तोंडाकडं पाहू?’

माय, मी तिथेच थांबायला हवे होते. मला सगळे मिळाले होते. पण जे डोळ्यांनी पाहिले नाही ते खरे न मानण्याची माझी सवय! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ती मैत्रिणींमध्ये बसली होती, बोलत होती, बोटे चाटत होती. तिने ताटली उंच धरली आणि ओरडली, ‘बाई, मले अजून!’ मला इतका आनंद झाला की मी आणखी पुढे सरकलो. तिने मला पाहिले. तोंडातला घास तिने गालात सरकवला. मी हसून हाताने खूण केली, खा, खा. ती तशीच माझ्याकडे पाहत राहिली. पाच दिवसांनी ती स्वयंपाकीण घरीच आली. ‘गुरुजी, तुम्ही येऊन गेले तवापासून लेकरू खिडकीकडंच पायते. ताटली तशीच वापस करते. खिडकीशी कायले आले जी तुम्ही?’ जगात एक जागा होती जिथे तुझी पणती पोटभर जेवत होती. ती मी शोधून काढली आणि बंद केली.

सुनेला मी सगळे सांगितले. तुझी चूल, तुझी पाठ, सारे. ती भिंतीवरच्या कागदाकडे पाहत म्हणाली, ‘मामाजी, मग इतके दिवस आपण...’ अपुरे वाक्य मी सहसा खपवून घेत नाही. ते तसेच राहू दिले. कागद तिने काढला. चार कोपरे भिंतीला चिकटून राहिले आहेत.

हे पत्र कुठेही जायचे नाही. तुला अक्षर येत नव्हते. गावोगावच्या मुलांना शिकवणाऱ्या मला तुला ते शिकवायला सवड झाली नाही. पत्र मी पेटीत तळाशी ठेवीन. ठेवण्यापूर्वी एवढे मात्र लिहिले पाहिजे. आज दुपारी आम्ही तिला मूठभर भात आणि थोडी भाजी वाढली. सून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ताटावर बोटांचा आवाज आला, थोड्या वेळाने आणखी एक. तो भाताचा होता की भाजीचा, हे मला कळले नाही.

मी वळून पाहिले, माय.