बदकाचे डोळे

ता. ३

ति. ताईस,
शि. सा. न.

आज लिहितो, उद्या लिहितो म्हणत महिना घालवला. आधी पेन नव्हतं. मिळालं तर शेजाऱ्याची सायकल दुरुस्त करता करता हरवलं. पाठ पुढे केली आहे, धपाटा घाल.

सध्या एका आयातदाराच्या गोदामात खोकी उतरवतो. खरं तर उतरवून झाली, आता नुसता बसून आहे. परदेशी खेळण्यांचा ढीग आलाय, पण त्यावर नव्या नियमाचा गुणवत्तेचा शिक्का नाही, म्हणून एक बाहुली बाहेर पडत नाही. मालक खोक्यावर बसून नखं खातो. मला वाटलं, नियम फक्त बाहेरच्या मालाला. तर म्हणाला, इथं बनवणाऱ्यांनाही तोच. म्हणजे आपल्या कारखान्यालाही की! बाबांच्या लाकडी बदकांचं कसं? तपासणीची प्रयोगशाळा माझ्या खोलीपासून हाकेवर आहे. लगेच कळव.

रागाबरोबर मायाही असू दे.
तुझा भिंगरी

ता. ९

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बदकं तिथंच आली होती आणि नापास होऊन परतली. चाकं टिकली, रंग निर्धोक निघाला, पण डोळ्यांचे मणी निखळले. बाळाच्या घशात अडकतील म्हणे. आणि गंमत ऐक. परीक्षेची बदकं म्हणून बाबांनी मण्यांना मुद्दाम लांब खिळे ठोकले होते, त्यांनीच लाकूड तडकलं!

शिक्का नाही मिळाला तर पुढच्या महिन्यापासून एकही बदक विकता येणार नाही. कारागिरांना काय तोंड दाखवू? मी म्हटलं, मणी नकोत, तापल्या सळईनं डोळे डागू. बाबा म्हणाले, आंधळी बदकं करण्यापेक्षा कुलूप लावतो. तेव्हापासून अबोला. तूच लिही त्यांना. तू घर सोडल्यापासून तुझा विषय निघाला की ते रंधा जोरात ओढतात, ठाऊक आहे. तरी लिही.

वेळेवर जेव, आणि आमची आठवण ठेव.
तुझी ताई

ता. १६

ति. ताईस,
शि. सा. न.

बाबांना लिहिलं. नियमाबद्दल चकार शब्द नाही. एवढंच विचारलं, की लहानपणी बदकाचा डोळा गिळणारा मीच ना? आणि मला उलटा धरून तो बाहेर काढणारे तुम्हीच ना? तू ही गोष्ट पाहुण्यांना हसत सांगायचीस, तेव्हा बाबा कधीच हसले नाहीत, उठून जायचे. उत्तर नाही आलं. चिडले असणार.

इकडे प्रयोगशाळेच्या चौकीदाराशी गट्टी जमवली. त्याला शिट्टीवर गाणी येतात, मीही एक शिकलो. हां, तर तो म्हणाला, दुरुस्त करून आणलेला माल बहुतेक पास होतो, फक्त माणसं पुन्हा येत नाहीत.

थांब, दार वाजतंय. भाड्यासाठी घरमालक असेल.

ताई, बाबा! जन्मात कारखान्याला सुट्टी न देणारे आपले बाबा, काखेत खोकं घेऊन! आल्या आल्या माझ्या खोलीला नावं ठेवली, चपला सरळ लावायला लावल्या, मग खोकं उघडलं. बदकं. डोळे डागलेले, जरा तिरके, जरा रागीट. थेट त्यांच्यासारखे बघतायत. मी हसलो, तर तेही हसले गं.

प्रयोगशाळा कुठल्या अंगाला, विचारतायत. त्यांना घेऊन निघतो. तुझी माया आता दोघांत वाटून पाठव.
तुझा भिंगरी