मोटारींची पाळी

प्रिय आई,

जय भीम. आपल्या भागातल्या विजेचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा होत आला, म्हणून काल ऑफिसात पेढे वाटले. मी माझा कचऱ्याच्या डब्यात टाकला. किळस आली, दुसरं काय!

हा आराखडा म्हणजे कुठे किती वीज लागेल ते आधी ताडायचं, मग कुठे नवा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपली ती डीपी, बसवायची आणि कुठे जुनीवर भागवायचं ते ठरवायचं. ताडायचं कशावरून? आजवर एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरून. मोठी शहाण्यांची रीत! निमगावातल्या आपल्या वस्तीपुढे लिहिलंय, ओढ कमी, नवी डीपी नको.

ते वाचलं आणि पदर खोचून बांधावर उभी राहिलेली तू दिसलीस. ‘सावळेरामभाऊ, तुमची पाण्याची मोटार बंद झाली की आमची लावते. समद्यांनी एकदम लावली तर डीपी जळंल, मग बसा बोंबलत.’ तुझ्या या पाळीमुळे आपली डीपी मी शाळेत असल्यापासून एकदाही जळली नाही. पलीकडची वस्ती सगळ्या मोटारी एकदम लावते, दर उन्हाळ्यात डीपी जाळते. त्यांना नवी, मोठी मंजूर झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आणि आपल्या धाकट्या कपिलचा पिठाच्या गिरणीला वीज मिळावी म्हणून केलेला अर्ज? डीपीवर जागा नाही म्हणून परत आला ना? अर्ज केला की ती भरलेली आणि आराखड्यात तीच रिकामी. पोरगं नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलतंय. मी साहेबांना पाळीचं सगळं सांगितलं, तर हसले. म्हणाले, समजूतदारपणा मोजायचं मीटर अजून निघालेलं नाही. तिथेच थुंकावंसं वाटलं.

म्हणून फोन न करता लिहितेय, फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस. पुढच्या आठवड्यात आपल्या डीपीची शेवटची मोजणी आहे. त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरतील आणि मग दहा वर्षं कुणी विचारणार नाही. आई, पाळी मोड. बांधावर उभी राहा आणि सगळ्यांना एकदम मोटारी लावायला सांग. जळली तर जळू दे. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे मला तूच शिकवलंस, आणि आज मीच तुला हे सांगतेय. पेढ्यापेक्षा याचीच किळस जास्त येते. तरी एवढं कर.

तुझीच,
तेजू