सतरा नंबरच्या पोटातला शापू

१६ नोव्हेंबर २०२३

चारपैकी दोन गर्भ आज सोडले. दोन्ही एकाच मेंढीत — बिल्ला नंबर सतरा. दुसरी मेंढी वेळेत माजावर आली नाही, म्हणून तिच्या वाटणीचे दोन नायट्रोजनच्या भांड्यातून काढलेच नाहीत. दुर्बिणीचं काम नीट झालं. रक्त जवळजवळ नाही. साक्षी शिकाऊ आहे, पण आता तिला मध्ये काही सांगावं लागत नाही.

गर्भ लडाखच्या रानमेंढीचे. तिकडे तिला शापू म्हणतात. ज्या मादीचे ते होते, ती मागच्या हिवाळ्यात लडाखमधल्या वरच्या केंद्रात म्हातारपणाने गेली. तिच्या रक्ताचं तिथल्या कळपात दुसरं कुणी नाही. उरलंय ते आमच्याकडे — वरसाव्याच्या टेकडीखाली, एका दख्खनी मेंढीच्या पोटात, पंख्याच्या वाऱ्यात.

२० नोव्हेंबर

आईने जेवताना विचारलं, "कुणाचं कुणाच्या पोटात घालता गं तुम्ही?"

सांगितलं सगळं.

"मग ते पोरगं कुणाचं म्हणायचं?"

म्हटलं, शापूचं. वाढवते फक्त मेंढी. आई म्हणाली, "फक्त!" आणि भात वाढला.

९ जानेवारी २०२४

सोनोग्राफी. एकच ठोका. दुसरा गर्भ जिरला असणार. अपेक्षित होतं.

गुणवंतसरांना फोन केला. खूश. केंद्र त्यांनी उभं केलंय, त्यामुळे प्रत्येक ठोका त्यांचा. म्हणाले, पिल्लू जन्मल्या जन्मल्या मेंढीपासून वेगळं करायचं. पडद्याआडून बाटली. त्याला ना माणूस दिसला पाहिजे, ना मेंढी. नाहीतर उद्या शापूंच्या कळपात जाऊन काय करणार ते? मुद्दा बरोबर आहे. मान्य केला.

२ मार्च

बिबट्या खाली आलाय म्हणे. गोठ्याला दुहेरी जाळी मारून घेतली. सतरा व्यवस्थित खातेय. पोट एका बाजूला जास्त.

१२ एप्रिल

व्याली. दुपारी. उन्हाने पत्रा तापलेला, आतमध्ये श्वास घेववत नव्हता. सुभाषने पत्र्यावर पाणी मारलं. सुभाष गोठा बघतो, चौक गावाहून येतो.

एक पाय मागे दुमडलेला होता. हात घालून सरळ केला. पाय संपतच नव्हते — इतके लांब. नर. लोकर नाही, हरणासारखे आखूड केस, मातकट. साक्षी म्हणाली, "मॅडम, हा खरंच झालाय." मी नाळ बांधत होते.

ठरल्याप्रमाणे उचललं आणि पडद्यामागे नेलं. सतराचा चीक पिळून बाटलीत घेतला. पिल्लाने बाटली तोंडात धरली नाही. नळीने पोटात घातला, तर अर्धा परत आला. अंग गार पडत चाललं. बाहेर एवढी आग आणि हे गार. दिवा लावला, चोळलं. मान धरेना. सतरा पलीकडून ओरडत होती, जाळीला डोकं मारत होती.

सुभाष म्हणाला, "मॅडम, ह्या टिकनार न्हाय. आयशीकडं द्या."

मला तेच वाटत होतं, पण वाटण्यावर काम करायचं नसतं. आधी सरांना फोन लावला.

"राजश्री, आपलं ठरलं होतं. त्याने मेंढीला आई म्हणायला नको."

"सर, आई म्हणायला तो उरला पाहिजे ना."

सर म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर."

पडदा बाजूला केला. सतराने त्याला हुंगलं आणि तोंडापासून चाटायला घेतलं. चाटता चाटता नाकाने ढकलत होती. अंधार पडायच्या आत तो उभा राहिला. पडला. परत उभा राहिला आणि सड शोधला. साक्षी रडत होती. मी तिला तापमान घ्यायला सांगितलं.

१३ एप्रिल

पितोय. शेपूट हलवत पितोय.

२६ एप्रिल

आता वेगळं करता येईल का, असं सरांनी विचारलं होतं. आठवडाभर प्रयत्न केला. बाटली घेत नाही. पडद्यामागे ठेवलं की खाणंपिणं बंद, वजन उतरतं. परत सोडला. आता हा विषय कुणी काढत नाही.

१८ जून

पेपरात फोटो आला. गुणवंतसर मध्ये, पिल्लू त्यांच्या हातात, मी कडेला अर्धी. मथळ्यात 'मेंढीने दिला रानमेंढ्याला जन्म'. चूक काही नाही त्यात.

सिल्व्हर पार्कात आमच्या खालच्या मजल्यावर हंसाबेन राहतात. लिफ्टपाशी गाठलं. "राजश्रीबेन, आपका हिरन पेपर में आया!" म्हटलं, हिरन नहीं, भेड़ है. म्हणाल्या, "भेड़ का भी पेपर में आता है?" संध्याकाळी ढोकळा पाठवला.

३० जुलै

त्याला उंच जागा लागते. चाऱ्याच्या गोणींवर, तिथून भिंतीवर, तिथून पत्र्यावर. पत्र्यावर उभा राहून टेकडीकडे बघतो. बाकीची कोकरं खाली. सतरा खालून ओरडते, तशी सगळ्या उड्या परत करत उतरतो आणि तिच्या बाजूला जाऊन बसतो. वरच्या केंद्रातल्या शापूंचे व्हिडिओ साक्षीने त्याला मोबाइलवर दाखवले. त्याने मोबाइल चाटला.

नाव ठेवायचं नाही असा नियम आहे. सुभाष त्याला 'पाहुणा' म्हणतो. मी काही म्हणत नाही.

२१ ऑक्टोबर

आज नेला. निहार आला होता. पूर्वी इथेच होता, आता वरच्या केंद्रात पशुवैद्य आहे. पिंजरा घेऊन आला. पिल्लाला भुलीचं हलकं औषध दिलं.

निहार सतराकडे बघून म्हणाला, "मॅडम, हिलाही नेली असती. पण हिचे आजार आमच्या कळपाला नकोत." बरोबर आहे. पाळीव मेंढीचा साधा खोकला रानमेंढ्यांचा कळप संपवू शकतो. पिल्लाच्या तपासण्या महिनाभर चालल्या होत्या, सगळ्या स्वच्छ.

टेम्पो घोडबंदर रोडला वळला. सुभाष गेटपाशीच उभा राहिला. मी आत येऊन हात धुतले.

२४ ऑक्टोबर

सतरा ओरडायची थांबली. मेंढ्या थांबतात, असं मी साक्षीला सांगितलं. तिने विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" वाचलेलं आहे, म्हटलं.

५ फेब्रुवारी २०२५

निहारचा मेसेज. थंडीत तगला. अंगावर दाट केस आलेत. फोटोत बर्फ आणि बर्फात तो. पहिल्यांदा त्याच्या रंगाची जागा पाहिली त्याच्याभोवती. आईला दाखवला. ती बराच वेळ बघत होती. "एकटाच उभाय," म्हणाली. म्हटलं, फोटो तसा काढलाय.

१४ ऑगस्ट

उरलेल्या दोन गर्भांची परवानगी आली. सरांनी मीटिंग घेतली. मेंढी कोणती? सगळे एकदम म्हणाले, सतरा. तिने सिद्ध केलंय. मेंढीने वाढवलं तरी चालतं, हेही सिद्ध झालंय, असं सर म्हणाले. माझ्याकडे बघून हसले. मला बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण असं फार वेळा होत नाही.

१० डिसेंबर

सतराची तयारी झाली. माजावर वेळेत आली. गर्भ उद्या दुपारी सोडायचे. साक्षी करणार, मी बाजूला उभी राहणार.

११ डिसेंबर

सकाळी निहारचा फोन. तिकडे शापूंचा माजाचा हंगाम लागलाय. आमचा नर माद्यांकडे बघतही नाही. दिवसभर नाल्याकडच्या कुंपणाशी उभा असतो, कारण तिथून गावच्या मेंढ्या जातात. त्या दिसल्या की तारेवर धडका देतो. काल शिंग मोडून घेतलं.

"मॅडम, तो स्वतःला मेंढी समजतोय."

सरांना फोन केला. म्हणाले, आजचं थांबवू नकोस, यावेळी पडद्याआड वाढवू. म्हटलं, पडद्याआड वाढलेला स्वतःला कोण समजेल, सर?

गर्भ भांड्यातून काढले नाहीत. साक्षीला चढवलेले हातमोजे उतरवायला सांगितले.