गुलाबची कचेरी

३ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार

आणि वरून काकू म्हणतात, घोड्याला मीच बिघडवलं! मी येऊन तीन महिने झालेत. घोडा बावीस वर्षांचा. बिघडायला त्याला माझ्या आधी सगळं आयुष्य पडलं होतं, त्याचं कुणी नाव घेत नाही.

आज सकाळी दहाला गुलाबनं परत फाटकाला लाथा घातल्या. एक पट्टी निघाली. काकू ओट्यावरून ओरडल्या, "सांडू, जनावरातलं कळतं म्हणून ठेवलं ना तुला?" मी मनात म्हणालो, कळतं, पण बैलातलं. घोड्याचं डिपार्टमेंट वेगळं. तोंडानं म्हणालो, "व्हय काकू, ठोकतो पट्टी."

पट्टी उद्या ठोकीन.

नीट लिहून ठेवलेलं बरं, पुढं मलाच आठवायला. काकासाहेब पोलीस अ‍ॅक्शननंतर दुसऱ्याच वर्षी कचेरीत चिकटले ते मागच्या दिवाळीत रिटायर झाले. गुलाब त्यांच्या टांग्याचा घोडा. महेबूबभाई रोज दहाला टांगा आणायचे, साहेबाला कचेरीत सोडायचे, पाचला परत. रिक्षा लई झाल्या तसा महेबूबभाईंनी टांगा मोडला, आणि काकासाहेबांनी घोडा विकत घेतला. म्हणाले, दोघं बरोबरच रिटायर होऊ. आता गारखेड्याच्या बंगल्यामागं पत्र्याचं शेड आहे. एका बाजूला घोडा, एका बाजूला मी. जेवून एकशे वीस पगार. माझी ड्यूटी काय, तर घोड्याला आराम करू देणं.

आराम करू द्यायला माणूस लागतो हे गावात कुणाला पटायचं नाही. म्हणून गावी एवढंच कळवलं की माझ्याकडं घोडा आहे. खोटं काही नाही. माझ्याकडंच आहे.

५ फेब्रुवारी, रविवार

आबांचं कार्ड आलं. धाकट्या भावाच्या, रामकिसनच्या अक्षरात, कारण आमच्यात दहावी झालेला तोच. स्थळ आहे. लासूर स्टेशनचं. मुलीचे वडील तात्यासाहेब, मार्केट यार्डात आडतीवर मुनीम. मुलगी आशा, नववी पास. तेवीस तारखेला, गुरुवारी, बघायला जायचं. आबा, माय आणि रामकिसन गावाकडून येणार, मी इकडून परस्पर जायचं.

तात्यासाहेब म्हणे हसत म्हणाले, "मुलगा घोडेवाला आहे ना? मग घोड्यावरच येऊ द्या, आमची आळी पण बघंल." आबांनी खाली लिहायला लावलंय, ते गमतीनं बोलले, मनावर घेऊ नको, गाडीनं ये. आणि जिनिंगमधून पळालास, ट्रकवरून पळालास, अशा पोराला पुन्हा कुणी मुलगी दाखवायचं नाही, हे शेवटचं समज.

आबांना इम्प्रेशन म्हणजे काय ते कळत नाही.

ठरलं. घोड्यावर.

न्हाव्याकडं जाऊन आलो. तो म्हणाला, कानाच्या वर पांढरे निघायला लागले. सव्वीसाव्या वर्षी? मी म्हणालो, वय नाही, गारखेड्याचं पाणी. तो हसला. न्हावी बदलणार.

आज गुलाबनं लाथा मारल्या नाहीत. रविवारी मारत नाही. आडवा पडून राहतो. सुट्टी त्याला कोण सांगतं कळत नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली रपेट. खोगीर नाही म्हणून पोत्याच्या चार घड्या टाकल्या. काकासाहेब दहाला छत्री घेऊन वाचनालयात गेले, काकू पूजेला बसल्या, मी फाटक उघडलं. टांग्याचा घोडा पाठीवर माणूस घेतो का नाही म्हणून जरा धाकधूक होती. पण गुलाबनं एकदा मागं वळून बघितलं आणि चालायला लागला. माझ्या हातात काहीतरी आहे, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

क्रांती चौकातून मला छावणीच्या अंगाला वळायचं होतं, लासूरचा रस्ता तिकडून. गुलाब वळला पैठण गेटकडं. म्हणलं चला, आधी गाव बघून घेऊ. पैठण गेटला पानाच्या ठेल्यासमोर तो आपणहून थांबला. पानवाल्यानं वर न बघताच एक पान बांधून हात वर केला. मग मला बघून म्हणाला, "साहेब कुठंयत?" पान घ्यावं लागलं.

तिथून थेट कचेरी. पायऱ्यांसमोर जाऊन उभा. टाच मारली. लगाम ओढला. गूळ दाखवला. गूळ खाल्ला, हलला नाही.

बाजूला कडुनिंबाखाली अर्ज लिहिणाऱ्यांचा बाक आहे. त्यावर कोण बसलेलं? काकासाहेब. वाचनालयातले.

आम्ही बराच वेळ एकमेकांकडं बघितलंच नाही. शेवटी तेच उठून आले. गुलाबच्या मानेवर हात ठेवला. म्हणाले, "घरात बसलो की ही म्हणते, पाय वर घ्या, झाडायचंय. इथं कुणी पाय वर घ्या म्हणत नाही. घरी बोलू नकोस." मी म्हणालो, "माझं पण बोलू नका." मिटलं.

पाचला गुलाबनं मान हलवली आणि आपला आपण घराकडं निघाला. मी वर, काकासाहेब शेजारून पायी. घोडा त्यांचा. चांगलं दिसत नव्हतं, पण उतरायला थांबवला असता तर परत चालू झाला नसता.

११ फेब्रुवारी, शनिवार

महेबूबभाईंना गाठलं. आता ते जावयाच्या सायकलच्या दुकानात बसून असतात. त्यांना म्हणालो, घोड्याला लासूरचा रस्ता शिकवायचाय, दहा-बारा दिवसांत. ते चहा पीत होते, चहा नाकात गेला. म्हणाले, "अरे मियाँ, उसकू एकच रस्ता मालूम है. दुसरे पे डाले तो उसकू लगता नौकरी गई. रेल से जाव ना, कायकू बुड्ढे की जान खारे?"

मी म्हणालो, शिकवणाऱ्यावर असतं.

त्यांनी ओळखीतून वरातीच्या घोड्याचं खोगीर मिळवून दिलं. तेवीस तारखेपर्यंत भाड्यानं. झालर लाल आहे, मधे आरसे. भाडं परतीच्या वेळी.

म्हातारी माणसं दुसऱ्याला उगीच नाउमेद करतात. मी म्हातारा झाल्यावर असं करणार नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार

ट्रेनिंग जोरात. वेगवेगळे उपाय.

पहाटे पाचला काढायचं ठरवलं. (मला जाग सातला आली.) सातला काढला. कोपऱ्यापर्यंत आला आणि उभा राहिला. दहा वाजेपर्यंत उभा. मग निघाला, कचेरीला.

डोळ्यांना झापडं बांधली. डोळे बांधून कचेरीला गेला. पानवाल्यापाशी थांबून.

उलटा, म्हणजे शेपटीकडून क्रांती चौक पार करायचा प्रयत्न केला. ट्रॅफिकच्या पोलिसानं शिट्टी मारली. म्हणाला, "ए पाहुण्या, घोडा रिव्हर्सला टाकलाय का?" चौकातले सगळे हसले. हसू द्या.

एक मात्र झालं. आता तो मला बघितलं की कान हलवतो.

मला शेडमध्ये बसवत नाही. उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो. परत जातो. घोडा बघत राहतो. काकासाहेब म्हणतात, माणूस काम सोडलं की म्हातारा होतो. मी तर दोन कामं सोडली. मला तर काही झालं नाही.

कलप आणला. उद्या लावीन.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज सुट्टी, कचेरी बंद, म्हणजे घोडा मोकळा, असा प्लॅन होता. गुलाब उठलाच नाही. खोगीर टाकलं तर खोगिरासकट लोळला. दोन आरसे फुटले.

कलप लावला. केस काळे झाले. कान पण.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सगळी तयारी. पांढरा बुशकोट घेतला, कडक. काकासाहेबांकडून रजा घेतली. त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "चाळीस किलोमीटर आहे सांडू. तो बावीस वर्षांचा आहे. आणि तू मुलगी बघायला चाललास, लढाईला नाही. गाडीनं जा." मी म्हणालो, "सावकाश नेतो, मधे पाणी पाजतो. तुम्ही बिनघोर राहा." काकू म्हणाल्या, "आधी कान धू."

पहिल्यांदा काय बोलायचं ते ठरवलंय. आशाला विचारायचं, जनावराची भीती वाटते का. नाही म्हणाली तर म्हणायचं, मग ये बाहेर.

२३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी सहा

उठलो. वेळेवर. हे पहिलं चिन्ह चांगलं.

तोच दिवस. संध्याकाळी

क्रमानं लिहितो. चूक माझी नाही हे आपोआप दिसेल.

सातला बाहेर पडलो. वर बसलो नाही. पुढं गूळ धरून पायी चाललो, गुलाब मागं, दर दहा पावलांना उभा राहत. क्रांती चौक आला. थांबला. पैठण गेटकडं बघितलं, गुळाकडं बघितलं. गूळ जिंकला! छावणीच्या रस्त्याला लागलो. मला रडू यायचं बाकी राहिलं. नदीचा पूल ओलांडला. तिथं वर बसलो. लाल झालर, पांढरा बुशकोट, उन्हात उरलेले आरसे चमकत होते. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. लासूरची आळी डोळ्यांसमोर आली.

तेवढ्यात कुठंतरी दहाचा भोंगा झाला.

गुलाबनं कान टवकारले. जागच्या जागी वळला. आणि पळाला. बावीस वर्षांचा घोडा, मी त्याला कधी दुडक्या चालीतही बघितलं नव्हतं, तो सुसाट पळाला. मी मानेला मिठी मारलेली. पुलावरून मागं, चौकातून, पैठण गेटवरून. पानवाल्यापाशीसुद्धा थांबला नाही. त्याला उशीर झाला होता.

घोडा पळतो हे सिद्ध झालं. महेबूबभाईंना सांगणार.

कचेरीच्या पायऱ्यांसमोर उभा राहिला तेव्हा तोंडाला फेस. काकासाहेब बाकावरून पळत आले. कधी नव्हे ते ओरडले, "अरे त्याचं वय बघ! तुझं वय बघ!" मग पाण्याची बादली आणवली, स्वतःच्या उपरण्यानं त्याचं अंग पुसलं. मग मला म्हणाले, "मी धरतो याला. दुपारची गाडी आहे, स्टेशनवर जा. अजून वेळ गेली नाही. पोरगी तुझी वाट बघतीय, घोड्याची नाही."

मी निघालो होतो. खरंच. रस्त्यापर्यंत गेलो. मग वाटलं, सगळी आळी घोड्याची वाट बघत उभी, आणि मी रेल्वेतून उतरणार, फेसानं भरलेला बुशकोट घालून, पायी. तोंड काय दाखवू? परत आलो. म्हणालो, "पाचला हा सुटतो, तेव्हा नेतो." काकासाहेब म्हणाले, "पाचला तो घरी जातो, बाळा."

बाकावर बसलो. एक कारकून जाता जाता म्हणाला, "नवरदेव, तारीख पुढची पडली का?"

दुपारच्या गाडीची शिटी इथून ऐकू येत नाही. तरी मी ऐकत होतो.

पाचला गुलाब घरी आला. मीही.

एक दिवस इकडंतिकडं म्हणजे काही मोठं नाही. कार्ड टाकतो.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

कार्ड टाकलं. लिहिलं, ऑफिसच्या कामामुळं अडकलो. हे खरंच आहे.

चांगल्या मुलासाठी मुलीकडचे थांबतात. एवढ्या लांब परमुलखात नोकरी करणारा माणूस, त्याचं मागंपुढं व्हायचंच.

२६ फेब्रुवारी, रविवार

आबा आले. शहरात पहिल्यांदा. हातात पेढ्यांचा पुडा. मी पळत जाऊन पाया पडलो. म्हणालो, "जमलं?" आबा म्हणाले, "जमलं." मी एक पेढा तोंडात टाकला, एक गुलाबला दिला, एक काकूंना नेऊन दिला. काकासाहेब म्हणाले, "अभिनंदन!" मी म्हणालो, "थँक्यू."

आबा शेडबाहेर दगडावर बसले होते. म्हणाले, "सांडू, तोंडातला खाऊन घे आधी."

सगळी आळी दारात उभी होती म्हणे. पोरं रस्त्यावर. एकदा कुणाची तरी म्हैस सुटून पळत आली तर आला आला म्हणून टाळ्या पडल्या. पोहे दोनदा केले. चार वाजले तसे तात्यासाहेब म्हणाले, "पाव्हणं, गावातली पाच माणसं बसवलीत. पोरगी सकाळपासून नवं लुगडं नेसून आहे. आता मी काय सांगू? हा दुसरा कोण?" आबा म्हणाले, "हा धाकटा, रामकिसन." "करतो काय?" "काय न्हाई, घरीच असतो. शेत बघतो." तात्यासाहेब म्हणाले, "घरी असतो, हे लई चांगलं."

मी म्हणालो, "आबा, पण बघायला मी जाणार होतो."

आबा म्हणाले, "व्हय. पण गेला तो."

मग म्हणाले, रामकिसन न्हाई म्हणत होता. दादाचं आधी म्हणून उठून बाहेर गेला. मायनं हात धरून आत आणला. लग्न पंधरा मार्चला.

आबा जेवले. गुलाबचे दात बघितले, खुर बघितले, म्हणाले, "गरीब जनावर आहे." लग्नाच्या खर्चाचं काही बोलले नाहीत. जाताना एसटीच्या पायरीवर उभं राहून म्हणाले, "दोन-अडीच तासाचा तर रस्ता हाय रे. मला वाटत होतं तू लई लांब असशील."

काकू म्हणाल्या, पेढे कुठले रे? चांगले आहेत. मी म्हणालो, घरचेच.

२ मार्च, शुक्रवार

पगार झाला. एकशे वीस. त्यातून खोगिराचं भाडं, फुटलेले आरसे, बुशकोटाची उधारी. राहिले ते मनिऑर्डर करायचे. मोठा भाऊ म्हणून नवरदेवाचा पोशाख माझ्याकडून.

मी आशाला बघितलेलं नाही. आता ती धाकट्याची बायको, म्हणजे मी तिचा भाया. आमच्याकडं भाया समोर आला की सून पदर पुढं ओढते आणि बोलत नाही. माझ्यासमोर ती जन्मभर तशीच उभी राहणार. जनावराची भीती वाटते का, हे आता विचारता यायचं नाही.

विचारायचं एवढं काही नव्हतं म्हणा.

मनिऑर्डरच्या फॉर्मवर संदेशाला जागा असते. तिथं लिहिलं, रामकिसन, कापड चांगलं घे. पोस्टातला म्हणाला, अजून दोन ओळी बसतात. मी म्हणालो, असू द्या.

लग्नाला जाणार. नक्की. एसटीनं. फक्त पंधरा मार्चला गुरुवार येतोय, कचेरी चालू असणार, दहाला गुलाबला फाटक कोण उघडणार ते बघावं लागेल. जमेलच. पण समजा नाहीच जमलं, म्हणून एसटीच्या भाड्यालाही हातात काही ठेवलं नाही. सगळे पाठवतोय. सदुसष्ट रुपये.