पुढची खोली रिकामी झाली

लीड्स, रविवार

प्रिय आई,

“लेकीच्या घरी राहायला पोलिसांचा दाखला? मेले तरी देणार नाही!” सहा वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस. घरी लोकांची मुलं सांभाळायची तर घरातल्या प्रत्येकाची तपासणी होते, हे तुला पटलंच नाही.

तर ऐक, मी घरच्या पाळणाघराची नोंदणी सोडली. आता क्रॉफ्टनबाईंच्या घरी जाऊन त्यांच्या जुळ्या मुली सांभाळते. तिथे चमचासुद्धा विचारून घ्यावा लागतो, पण पोरी लाघवी आहेत. मी खूश आहे.

पुढच्या खोलीतली खेळणी वाटून टाकली. तिथे पलंग मावतो. जिन्यावरून पडलीस, हे ग्लेनिसमावशीकडून का कळावं मला?

आता दाखला कोणी मागणार नाही. नकाराला तू नवं कारण शोधशीलच. तरी विचारते, येतेस राहायला?

तुझ्याइतकीच हट्टी,
रोवेना